पाय कोणी कापले?

इंग्लंडातल्या सरदार घराण्यांच्या ढालींवर एक पाखरू रंगवलेले असते. त्याला पाय नाहीत. पोटाखाली मांडीच्या जागी पिसांचे दोन झुबके, आणि पाखरू तिथेच संपते. इंग्रज त्याला मार्टलेट म्हणतात. फ्रेंच मेर्लेत म्हणतात, आणि त्यांनी तर त्याची चोचही काढून टाकली. पाय नाहीत, तोंडही नाही. ते ढालीवर बसलेले आहे असे म्हणायचीही सोय नाही. बसायला पाय लागतात.

मित्रहो, केशोरीत राहून हा नसता उद्योग कशाला, असे तुम्ही विचाराल. अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या टोकाला, गडचिरोलीच्या जंगलाला लागून आमचे गाव. धान, मिरची, मोह, तेंदूपत्ता एवढ्यावर इथले जगणे. इथे कोणाच्या बापाची ढाल अन् कोणाचे सरदार घराणे? पण या पाखराबद्दल जे जे वाचत गेलो, ते ते मला आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटत गेले. प्रश्न साधा आहे. ज्याला पाय टेकायला जागा ठेवली नाही त्याला 'काय सुंदर उडतोस' म्हणणे हा मान आहे की अपमान? आणि तो मान कोणी दिलाच, तर आपण तो छातीवर मिरवावा का?

आधी ढालीचे समजून घेऊ. बाराव्या शतकात युरोपात हा प्रकार वाढला. चिलखतात माणूस ओळखू येईना म्हणून ढालीवर खूण काढायची. पुढे ती खूण लढाईपुरती राहिली नाही. घराण्याची मालमत्ता झाली, बापाकडून मुलाकडे जमिनीसारखी जाऊ लागली. मग भानगड अशी की मुलगे चार असले तर? इंग्लंडातल्या रिवाजाने जमीन सगळी थोरल्याला. धाकट्यांनी बापाचीच ढाल घ्यायची, पण तिच्यावर एक बारीक खूण काढून आपला नंबर सांगायचा. दुसऱ्याला चंद्रकोर, तिसऱ्याला चांदणी. चौथ्याला हे बिनपायाचे पाखरू.

चौथ्याला!

आता मी काही ओढूनताणून नाते जोडणारा माणूस नाही. सरदाराचा चौथा मुलगा अन् मनूचा चौथा वर्ण यांचा संबंध नाही, हा योगायोग आहे. चौथा मुलगा बापाच्याच पंगतीला जेवत होता. त्याची सावली कोणाला बाटवत नव्हती. जमीन मिळाली नाही तर तो पाद्री होत होता, शिपाईगिरी करत होता, अन् पुढे पुढे जहाजात बसून हिंदुस्थानात येत होता. कंपनीच्या नोकरीत असे कितीतरी धाकटे मुलगे आले. घरी पाय ठेवायला जागा नव्हती, तो पाय त्यांनी इथे आपल्या छातीवर ठेवला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य त्यांनी खालसा केले, आणि १८६० नंतरच्या दहा वर्षांत जमीनमोजणी करून जे फक्त सारा गोळा करणारे मालगुजार होते त्यांना गावाचे मालक करून टाकले. आमच्या झाडीपट्टीतला मालगुजार असा कागदावर उगवला. धाकट्या भावाचे दुःख घेऊन आलेल्यांनी इथे नवे थोरले भाऊ तयार केले.

पण पाखराचा अर्थ लावणारे पंडित काय म्हणतात ते बघा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन गिलिम नावाच्या माणसाने ढालींच्या शास्त्रावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचा भावार्थ असा: धाकट्या मुलाला हे पाखरू अशासाठी देतात की त्याने पायांवर भरवसा ठेवू नये, कारण पाय ठेवायला त्याच्याजवळ जमीन नाही. त्याने सद्गुणाच्या आणि गुणवत्तेच्या पंखांवर भरवसा ठेवावा.

वाचले आणि मला हसू आले. दोस्तांनो, ही भाषा ओळखीची वाटत नाही? गुणवत्ता! ज्याला जमीन दिली त्याला कोणी गुण विचारले? थोरला आधी जन्मला, एवढाच त्याचा गुण. त्याच्या ढालीवर कोणी पंखांचा उपदेश रंगवला नाही. उपदेश नेहमी ज्याला काही द्यायचे नाही त्याच्यासाठीच असतो. वाटणी झाली की मगच मेरिट सुरू होते. आज राखीव जागांवर बोलणारा प्रत्येक शहाणा हे गिलिमचे वाक्य बोलतो, त्याने गिलिमचे नावही ऐकलेले नसते. आपल्या कॉलेजातल्या पोराला तो म्हणतो, पंखांवर उडून दाखव. तो स्वतः कशावर उभा आहे ते बघायला मात्र त्याला खाली वाकावे लागेल, आणि ती सवय त्याला नाही.

आपल्याकडे अशी ढाल नव्हती. देवक होते, कोणाचे झाड, कोणाचे पान, कोणाचे पीस. इंग्रजांनी १८७७ च्या दिल्ली दरबारात इथल्या राजेरजवाड्यांना विलायती पद्धतीची चिन्हे काढलेले रेशमी झेंडे वाटले. ते एका मुलकी अधिकाऱ्याने, रॉबर्ट टेलरने, तयार केले होते. राजांनी ते घेतले. मोठे साहेब काही चिन्ह देतात तेव्हा ते घेताना मान वाकते, हे मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. तो विषय तेवढाच पुरे.

आपली खरी ढाल वेगळीच होती, ती कापडावर नव्हती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नव्वदावे सूक्त, पुरुषसूक्त. बाबासाहेबांनी १९४६ च्या 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथात त्याची चिरफाड केली आहे. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी तो वाचावा, नुसता कपाटात ठेवू नये. त्या सूक्तात तोंड ब्राह्मण, बाहू राजन्य, मांड्या वैश्य, आणि पायांतून शूद्र. एवढे सगळ्यांना पाठ असते. पण दोन ऋचा पुढे जा. त्याच पुरुषाच्या त्याच पायांतून आणखी कोण जन्मले म्हणतात? भूमी. पृथ्वी. म्हणजे त्यांच्याच हिशेबाने शूद्र आणि जमीन ही एका पायांची दोन लेकरे. सख्खी भावंडे. मग भावाला बहिणीच्या अंगणात पाय ठेवायची बंदी कोणी घातली? या प्रश्नाचे उत्तर सूक्तात नाही. ते स्मृतीत आहे, पाटलाच्या वाड्यात आहे, सातबाऱ्यावर आहे. आणि आपण तर त्या देहाच्या पायांतही नाही. आपल्याला त्यांनी देहाबाहेर ठेवले, गावाबाहेर ठेवले तसे. पायांवर जगणाऱ्यांच्या गावात आपण बिनपायांचे.

आता दुसरे पाखरू. ढालीवरचे नव्हे, खरेखुरे. मला सगळ्यात जास्त त्याच्याबद्दल बोलायचे आहे.

न्यू गिनीच्या जंगलात आणि तिथल्या आरू बेटांवर एक पक्षी राहतो, सोनेरी पिसाऱ्याचा. युरोपात त्याची कातडी पहिल्यांदा १५२२ मध्ये पोचली, मॅगेलनच्या व्हिक्टोरिया जहाजावरून. मोलुक्का बेटांपैकी बाचान इथल्या राजाने ती भेट दिली होती. जहाजावर पिगाफेत्ता नावाचा इटालियन होता, रोजची नोंद ठेवणारा. त्याने स्पष्ट लिहिले की या पक्ष्याला पाय आहेत, वेतासारखे बारीक पाय. लोक याला देवाचा पक्षी म्हणतात हेही त्याने लिहिले.

पण पुढे व्यापारात जी कातडी यायची ती पाय कापूनच. कधी पंखही कापलेले. शिकारी लोक पाय अन् पंख काढून टाकत, कातडे धुरावर सुकवत, म्हणजे पिसारा उठून दिसायचा. त्यांच्या मनात पाप नव्हते, तो त्यांचा धंदा होता. पाप पुढे झाले. पुस्तकात झाले. युरोपातल्या विद्वानांनी बिनपायाचे कातडे टेबलावर ठेवले, भिंग लावून बघितले, आणि ठरवले की या पक्ष्याला निसर्गतःच पाय नाहीत. मग पाय नाहीत तर तो टेकतो कुठे? टेकतच नाही. मग खातो काय? दव पितो. अंडी? नराच्या पाठीवर खोलगट जागा असते, मादी तिथे अंडी घालते. एक खोटे टिकवायला दहा खोट्या गोष्टी लागल्या, आणि त्या दहाही सुंदर होत्या. जन्मापासून मरेपर्यंत सूर्याकडे तोंड करून उडणारा, धरतीचा विटाळ न झालेला, स्वर्गातला पक्षी.

ही कथा आपल्या किनाऱ्यालाही लागून गेली आहे. लिन्स्खोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्यात राहिला, तिथल्या पोर्तुगीज आर्चबिशपचा कारकून होता. मायदेशी जाऊन त्याने १५९६ मध्ये आपल्या प्रवासाचे पुस्तक छापले. त्यात लिहिले की या पक्ष्यांना कोणी जिवंत पाहिलेले नाही, ते हवेतच राहतात, मेल्यावरच जमिनीवर येतात, कारण त्यांना ना पाय ना पंख. आणि पुरावा काय दिला? हिंदुस्थानात आणली जाणारी कातडी बघा म्हणाला. म्हणजे कापलेल्या प्रेताला साक्षीला बोलावले की, सांग बाबा, तुला जन्मतः पाय नव्हते ना?

१६०५ मध्ये क्लुसियस नावाच्या शास्त्रज्ञाने पायांसकट आलेल्या कातड्यांच्या आधारे छापून टाकले की पाय असतात. झाले, वाद मिटायला हवा होता. पण दीडशे वर्षांनी, १७५८ मध्ये, लिनियसने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले: पॅराडिसिया अपोडा. अपोडा म्हणजे बिनपायाचा. आजही जगातल्या प्रत्येक पक्षिशास्त्राच्या पुस्तकात त्याचे नाव तेच आहे. १८५७ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस आरू बेटांवर गेला, त्याने तो झाडावर बघितला, फांदी धरून नाचणारा. तरीही नाव अपोडाच. सत्य कळले तरी नाव बदलत नाही.

कलम १७ ने २६ जानेवारी १९५० पासून अस्पृश्यता संपली आहे. नाव संपले का, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या हॉटेलात, आपल्या गावच्या पाणवठ्यावर जाऊन बघावे.

ज्याचे पाय कापले त्याला देवाचा पक्षी म्हणायचे. ही युक्ती आपल्यालाही लावली गेली आहे. 'हरिजन' म्हणजे दुसरे काय? देवाची माणसे! गांधीजींनी १९३३ मध्ये त्या नावाचे साप्ताहिक काढले, नाव देशभर फिरले. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात हे नाव कायद्यात घालायचे ठरले तेव्हा बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांनी विरोध केला आणि सभात्याग केला. काही लोकांना तेव्हा वाटले, चांगले नाव देतात तर यांच्या पोटात का दुखते? अरे, नावात पाय कुठे आहेत? देवाचा माणूस दव पिऊन राहतो. त्याला मजुरी नको, विहीर नको, दोन एकर नको. पूज्य केले की देणे संपते. शिवी देणारा निदान समोर दिसतो, त्याचा हात धरता येतो. असा गौरव करणाऱ्याचा हात कुठे धरायचा?

पण मला भीती दुसऱ्यांची नाही, आपलीच आहे. मित्रहो, रागावू नका.

आपण शिकलो. आपल्यातले पुष्कळ जण नागपूरला गेले, पुण्या-मुंबईला गेले, ऑफिसर झाले, प्राध्यापक झाले. चांगले झाले. बाबासाहेबांनीच खेडे सोडा म्हटले होते, खेडे म्हणजे संकुचितपणाचे डबके असे त्यांनी घटना समितीत सांगितले होते. त्यामुळे गाव सोडणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण उडणाऱ्याला एक वेळ अशी येते की त्याला स्वतःच्या पंखांचे कौतुक वाटू लागते. 'मी जमिनीला बांधलेलो नाही, मी माझ्या बुद्धीवर आलो.' हे वाक्य मी आपल्याच माणसांच्या तोंडून, आपल्याच जयंतीच्या स्टेजवर ऐकले आहे. हे गिलिमचेच वाक्य आहे. थोरल्याने धाकट्याच्या छातीवर लावलेला बिल्ला धाकट्याने आपणच पॉलिश करायचा, असा हा प्रकार.

१८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जे दुःख बोलून दाखवले ते आपण भाषणात नेहमी सांगतो. खेड्यातल्या भूमिहीन मजुरांसाठी आपल्या हातून व्हावे तेवढे झाले नाही, ही खंतही त्याच सभेत होती असे सांगतात. ती आपण जरा कमी सांगतो. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती सरकारच्या मालकीची करून जातपात न बघता गावकऱ्यांना कसायला द्यावी असे मांडले होते, अशी की जमीनदार उरू नये, कूळ उरू नये आणि भूमिहीन मजूरही उरू नये. म्हणजे हा माणूस पंखांचा उपदेश करत नव्हता. तो पायाखालची जमीन मागत होता, आणि शाळाही मागत होता. दोन्ही. दादासाहेबांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ च्या ६ डिसेंबरपासून भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, माणसे तुरुंगात गेली, बायका लेकरे घेऊन गेल्या. आज आपल्या किती शिबिरांत त्यावर एक तास बोलले जाते? आपला इतिहास आपण दीक्षाभूमीवरून विद्यापीठाच्या नामांतरापर्यंत सरळ नेतो. मध्ये बांधावरून चालत जायचे राहून जाते.

१९५४ ला बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि हरले. गोंदिया १९९९ पर्यंत त्याच भंडारा जिल्ह्यात होता, म्हणजे हे आपल्या घरचे आहे. ज्यांच्यासाठी ते लढत होते त्यांतली कितीतरी माणसे त्या दिवशीही कोणाच्या तरी शेतात राबत असतील.

या भागातली रोवणी ज्यांनी बघितली त्यांना सांगायला नको. जुलैत बांधीत गुडघाभर चिखल. ओणवे होऊन पऱ्हे लावत बायका मागे सरकत जातात, दिवसभर. संध्याकाळी बोटांच्या बेचक्या कुजलेल्या, चिखल्या झालेल्या, त्यावर मेंदी किंवा तेल. जमीन ज्याच्या नावावर तो धुऱ्यावर छत्री घेऊन उभा, त्याच्या पायात बूट. जमिनीत ज्यांचे पाय सगळ्यात खोल गेलेले, कागदावर त्यांनाच पाय नाहीत. मी आमच्या मोहल्ल्यातल्या एका म्हातारीला या ढालीवरच्या पाखराची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आमाले उडता येत असतं त कायले रोवनीले गेलो असतो, बापू?" आणि पुन्हा सुपातले तांदूळ निवडायला लागली. गिलिमला एवढे साधे उत्तर कोणी दिले असेल असे मला वाटत नाही.

आता कोणी म्हणेल, बिनपायाचे पाखरू ही नुसती कल्पना, तिचे एवढे काय. पण ढालीवरच्या त्या पाखराच्या मागेही एक खरा पक्षी आहे असे पुष्कळ जण मानतात: पाकोळी. काही ठिकाणी फुलपाखरालाही पाकोळी म्हणतात, मी ती म्हणत नाही. जुन्या इमारतींच्या छताला, पुलाखाली पिसे-गवताची घरटी करून राहते ती काळी, कोयत्यासारख्या पंखांची पाखरे. तिच्या युरोपातल्या बहिणीचे शास्त्रीय नावही अपस, म्हणजे पुन्हा बिनपायाचीच. पाय इतके आखूड की पिसांत दिसत नाहीत. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की यांतले काही पक्षी दहा महिने न टेकता उडत राहतात. हवेतच खातात, हवेतच झोपतात. पराक्रम आहे, मानले. पण उरलेले दोन महिने? अंडी घालायला तिला भिंतीतली फट लागतेच. आणि तेव्हा ते न दिसणारे पाय कामाला येतात. चारही नख्या पुढे वळलेल्या, उभ्या भिंतीला घट्ट धरणाऱ्या. पाय आहेत. बघणाऱ्याने खालून बघितले, म्हणून दिसले नाहीत.

पाय असून न दिसणे, यात आपला अनुभव मोठा आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे, चाललेली वाट मागच्या मागे पुसली जावी म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ते लिहिले आहे. आपण त्या झाडूची आठवण अपमान म्हणून काढतो, ते बरोबरच. पण त्या झाडूने आणखी एक काम केले. त्याने पुरावा पुसला. इथून माणूस गेला होता, याचा पुरावा.

आणि आज पुरावा मागतात. २००६ चा वनहक्क कायदा आला. आदिवासी बांधवांवर झालेला ऐतिहासिक अन्याय दूर करायला तो आला, त्याबद्दल आपली तक्रार नाही, उलट तो आधीच यायला हवा होता. त्याच कायद्यात इतर पारंपरिक वननिवासी म्हणून आपल्यासारख्यांनाही दार आहे. पण दारावर पाटी आहे: तीन पिढ्या दाखवा, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधीची पंचाहत्तर वर्षे. १९३० सालचा कागद! १९३० साली ज्याचे नाव मालगुजाराच्या वहीत नुसते जातीने लिहिले जात होते, किंवा लिहिलेच जात नव्हते, त्याच्या नातवाने आज तो कागद आणायचा. आजा शाळेत गेला नाही, कारण बसू दिले नाही. जमीन नावावर नाही, कारण होऊ दिली नाही. आणि आता टेबलामागचा माणूस भिंग लावून फाईल बघतो आणि म्हणतो, यात तुमचे पाय कुठे दिसत नाहीत.

लिन्स्खोटेन गोव्यात मेला नाही, असे मला कधी कधी वाटते.

म्हणून हे काम आपण अंगावर घ्यायला हवे असे मी म्हणतो, आणि यात घोषणेचा भाग कमी आहे, बैठकीचा जास्त. कायदा नीट वाचला तर तो टेबलावरच्या माणसाने सांगितला तेवढा कडू नाही. पंचाहत्तर वर्षे तोच तुकडा वाहिला पाहिजे असे त्यात नाही. राहणे आणि जंगलावर जगणे पंचाहत्तर वर्षांचे पाहिजे. ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा पाहिजे. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो, तहसीलच्या खिडकीपुढे नाही. आणि २००८ च्या नियमांतला तेरावा नियम सांगतो की पुरावा म्हणजे फक्त सरकारी कागद नाही. घर, झोपडी, जमीन सपाट केल्याच्या खुणा, घातलेले बांध हेही पुरावा. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेले लिहून घेतले तर तोही पुरावा.

अजिंठ्याच्या सव्वीस नंबरच्या लेण्यात डाव्या भिंतीवर माराचा हल्ला कोरलेला आहे. मार सगळी फौज घेऊन येतो. कथा अशी की तो विचारतो, या जागेवर तू बसलास, तुझा हक्क काय, साक्षीदार कोण? तथागताने कागद काढला नाही. उजव्या हाताची बोटे खाली सोडली आणि जमिनीला लावली. कोणी याचा अर्थ ध्यानाचा लावतात, लावोत. मी इथला माणूस आहे, मला त्यात धुरा दिसतो. ज्याने बांधी काढली, धुरा घातला, त्याची साक्ष जमीन देते, आणि या एका बाबतीत सरकारचा नियमही तेच म्हणतो.

पापुआ न्यू गिनी या देशाने १९७१ मध्ये आपला झेंडा आणि राजचिन्ह ठरवले. झेंड्याची कल्पना सुझन करिके नावाच्या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीची. दोन्हींवर या स्वर्गातल्या पक्ष्याच्याच जातकुळीतला पक्षी आहे. झेंड्यावर तो उडतो आहे. राजचिन्हावर तो भाल्यावर आणि ढोलावर बसला आहे. ज्यांच्या जंगलातला पक्षी, त्यांनी तो स्वतः काढला तेव्हा त्याला बसवला.

आमच्या मोहल्ल्यात ऐंशीच्या पुढची पाच माणसे उरली आहेत. दोघांना ऐकू येत नाही, एकाची आठवण कधी असते कधी नसते. ती तांदूळ निवडणारी म्हातारी मात्र सगळे सांगते: कोणाच्या आज्याने कोणत्या नाल्याजवळ पहिली बांधी काढली, मालगुजाराच्या माणसाने ती कोणत्या साली मोडली, पुन्हा कोणी घातली. साल तिला आकड्यात येत नाही. मोठा दुष्काळ, मोठा पूर, अमक्याचे लगन, असे येते. ते आकड्यात बसवायला बसणारा कोणीतरी लागतो. ज्यांना मॅट्रिकच्या पुढचे येते, ज्यांचे अक्षर चांगले आहे, त्यांनी रोवणी आटोपल्यावर दोन वह्या घेऊन या. राहायची सोय विहारात होईल, जेवण घरोघरी आळीपाळीने. पहिले नाव तिचेच घेऊ.